मस्टँग घ्यावी की व्हर्टस? बडोद्यातल्या रस्त्यांवर पेट्रोलचा हिशोब

मन व्ही-८ कडे, म्हणजे आठ सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाकडे, ओढतंय, घरचे "ॲव्हरेज किती?" विचारतायत आणि खिशाला दोन्ही गाड्या झेपतात, अशा माणसासाठी हे लिहितोय. ज्याला झेपतच नाही त्याचा प्रश्न तसाही सुटलेला आहे.

एका बाजूला सेकंडहँड फोर्ड मस्टँग जीटी, पाच लिटरची. दुसऱ्या बाजूला नवी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, दीड लिटर टर्बो (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा). जोडी विजोड आहे, मान्य. पण आपल्या मंडळींत गाड्यांच्या गप्पा रंगल्या की शेवटी हीच दोन नावं समोरासमोर येतात. एक डोळ्यांना हवी असते, दुसरी डोक्याला पटते. मधे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे, तिच्याकडे नंतर येतो.

मस्टँग भारतात अधिकृतपणे २०१६ मध्ये आली. तेव्हा किंमत सुमारे ६५ लाख, एक्स-शोरूम. मिशिगनमधल्या फ्लॅट रॉक कारखान्यातून तयार गाडी जहाजानं यायची. आज ती नवी मिळत नाही. शिवाय २०२१ च्या सप्टेंबरमध्ये फोर्डनं भारतातलं गाड्यांचं उत्पादन आवरतं घेतलं आणि साणंदचा कारखाना पुढे टाटांकडे गेला. बडोदेकरांना या गोष्टीची सवय आहे म्हणा. हलोलमध्ये शेव्हरोले बनवणारी जनरल मोटर्स २०१७ मध्ये उठून गेली आणि आज त्याच कारखान्यातून एमजीच्या गाड्या बाहेर पडतात.

| | मस्टँग जीटी | व्हर्टस जीटी १.५ |
|---|---|---|
| इंजिन | ४९५१ सीसी, व्ही-८, टर्बोशिवाय | १४९८ सीसी, चार सिलिंडर, टर्बो |
| ताकद (अश्वशक्ती) आणि टॉर्क, म्हणजे ओढ | सुमारे ४०० पीएस, ५१५ एनएम | १५० पीएस, २५० एनएम |
| वजन | सुमारे १७०० किलो | सुमारे १२५० किलो |
| टाकी | ६१ लिटर | ४५ लिटर |
| रुंदी, आरसे सोडून | सुमारे १.९२ मीटर | १.७५ मीटर |
| शहरात, लिटरला | ४ ते ५ किमी | १० ते ११ किमी |
| एक्स्प्रेसवेवर, लिटरला | ९ ते १० किमी | १६ ते १८ किमी |

शेवटच्या दोन ओळी कंपनीच्या जाहिरातीतल्या नाहीत. साध्या माणसानं साध्या पायानं चालवली तर टाकी ते टाकी मोजताना गाड्या या पट्ट्यात बसतात. व्हर्टस डीएसजीचा (डीएसजी म्हणजे तिचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कंपनीचा दावा साडेअठराच्या वरचा होता, तो मोकळ्या रस्त्यावर शहाण्यासारखं चालवलं तर जवळ येतो. मस्टँगला अमेरिकेतल्या सरकारी चाचणीत शहरात गॅलनला १५-१६ मैल आणि हायवेवर २४-२५ मैल मिळतात, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साडेसहा आणि साडेदहा. हायवेचा आकडा इथेही जवळपास जमतो. शहराचा जमत नाही, कारण त्या चाचणीत जुन्या बडोद्यातली मांडवीची गर्दी नाही.

ॲव्हरेज उलटं करून बघा

आपण लिटरला किती किलोमीटर हे मोजतो आणि तिथेच फसतो. तक्त्यातले आकडे उलटे करा, म्हणजे शंभर किलोमीटरला किती लिटर लागले ते काढा. मस्टँग शहरात साडेचार देते असं धरलं तर शंभर किलोमीटरला २२ लिटर, आणि एक्स्प्रेसवेवर साडेदहा. व्हर्टस शहरात साडेनऊ लिटर, एक्स्प्रेसवेवर सहाच्या जरा खाली.

आता पुन्हा बघा. एक्स्प्रेसवेवरची मस्टँग आणि मांडवीत अडकलेली व्हर्टस जवळजवळ सारखंच पेट्रोल पितात! "ही पिणारी गाडी, ती न पिणारी" ही विभागणी तिथेच ढासळते. गाडी कुठली याच्या बरोबरीनं ती उभी कुठे राहते याला महत्त्व येतं.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. पाय सांभाळून चालवलं आणि मस्टँगचं शहरातलं ॲव्हरेज चारावरून पाचावर गेलं, तर कानाला फक्त एक किलोमीटर वाढल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात शंभर किलोमीटरला २५ लिटरचे २० होतात, पाच लिटर वाचतात. व्हर्टस नऊवरून अकरावर नेली, म्हणजे दोन किलोमीटर वाढवले, तरी वाचतात जेमतेम दोन लिटर. लिटरला ९५ रुपये धरले तर पहिल्या सुधारणेचे पावणेपाचशे रुपये, दुसरीचे एकशेनव्वद. म्हणजे चालवण्याच्या सवयीची किंमत खरी वसूल होते ती मस्टँगसारख्या मसल कारमध्येच. "व्ही-८ घेतली की ॲव्हरेजचा विचार सोडायचा" हे वाक्य डौलदार आहे, पण हिशोबाच्या नेमकं उलट आहे. ज्यानं विचार करावा तोच करत नाही, आणि दीड लिटरवाला दर सिग्नलला इंजिन बंद करून एखादा रुपया वाचवत बसतो.

शहरात: न्यायमंदिर ते अलकापुरी

पाच लिटरचं इंजिन ताशी पंधराच्या वेगानं चालवायचं म्हणजे काय होतं? गाडीला तेव्हा ताकद हवी असते अगदी थोडी. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा पडदा, जेमतेम उघडा असतो. आठही पिस्टनना त्या अरुंद फटीतून हवा ओढावी लागते, आणि ओढण्याच्या कष्टातच पेट्रोल जातं. इंजिन जितकं मोठं आणि काम जितकं कमी, तितकी ही नासाडी जास्त. व्हर्टसच्या दीड लिटर इंजिनात यावर तोड आहे. भार कमी असला की चारातले मधले दोन सिलिंडर गपचूप झोपतात आणि उरलेले दोन जरा जास्त काम करतात. अमेरिकेतल्या काही व्ही-८ गाड्यांतही, उदाहरणार्थ डॉज चॅलेंजरच्या ५.७ लिटर ऑटोमॅटिकमध्ये, आठाचे चार करण्याची सोय होती. आपल्याकडे आलेल्या मस्टँगमध्ये ती नाही. आठ म्हणजे आठ, रावपुऱ्याच्या गर्दीतसुद्धा.

नुसती उभी गाडीसुद्धा खाते. एवढं इंजिन आयडलिंगला तासाला दीड-दोन लिटर सहज घेतं, एसी लावला की आणखी. नवरात्रात गरब्याहून परतताना रात्री एक वाजता गोत्री रोडला जी मुंगीची रांग लागते ती आठवा. व्हर्टस तिथे थांबल्यावर स्वतःहून बंद पडते, ब्रेक सोडला की चालू होते. मात्र त्याच रांगेत डीएसजीचे कोरडे क्लच सारखे घासले जाऊन तापतात. त्या बाबतीत मस्टँगचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा भाग, निवांत असतो, फक्त त्या निवांतपणाचं बिल पंपावर येतं.

मग थांबणं आणि निघणं. सतराशे किलोची गाडी साठपर्यंत नेऊन ब्रेक मारला की जी गती आपण डिस्कवर जाळून टाकतो ती मिळवायला साधारण तीस मिलिलिटर पेट्रोल गेलेलं असतं. व्हर्टसमध्ये वीस-बावीस. एकेका वेळेला काहीच वाटत नाही, पण काळा घोडा ते फतेगंज एवढ्या टप्प्यात हे किती वेळा होतं ते मोजून बघा.

म्हणून शहरात मस्टँग चालवणाऱ्याची पहिली सवय पुढचा सिग्नल आधी बघण्याची हवी. लाल दिसला की ॲक्सिलरेटर सोडायचा आणि गाडी गिअरमध्येच घरंगळू द्यायची. आधुनिक इंजिन अशा वेळी पेट्रोल पूर्ण तोडतं. न्यूट्रल करू नका. आपल्याकडे वडीलधारे अजून सांगतात, "उतारावर न्यूट्रल कर रे." ते कार्ब्युरेटरच्या काळातलं शहाणपण. आता न्यूट्रलमध्ये इंजिनाला चालू राहण्यासाठी पेट्रोल लागतं, गिअरमध्ये लागत नाही. शिवाय गाडी ताब्यात राहते.

दुसरी सवय थंड इंजिनाची. दांडिया बाजारातून सुरसागरला एक चक्कर मारून परत, असल्या फेऱ्यांत व्ही-८ धड गरमच होत नाही. गरम होईपर्यंत मिश्रण जरा दाट असतं, तेल घट्ट असतं, आणि लिटरला चारसुद्धा मिळत नाही. शेव-उसळ आणायला स्कूटर काढा. हे मी व्हर्टसवाल्यालाही सांगेन, पण मस्टँगवाल्याला हात जोडून सांगेन.

जुन्या शहरात रुंदीचा प्रश्न वेगळाच. जवळजवळ १.९२ मीटरची गाडी, वर दोन्ही बाजूंचे आरसे. वाड्याच्या दिंडीतून ती आत घेण्यापेक्षा दारात हत्ती बांधणं सोपं पडेल, तो निदान अंग चोरतो. जमिनीपासूनची उंची १३७ मिलिमीटर. आपल्याकडच्या अनधिकृत गतिरोधकांवर ती तिरकी घ्यावी लागते, आणि पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात, पाणी साचलं की तिथून जायचा विचारही नको.

डुमाडच्या पुढे

डुमाडपाशी अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेला लागलं की मस्टँगचं रूपच पालटतं. अहमदाबादपर्यंत ९३ किलोमीटर, वेगमर्यादा शंभर, मधे सिग्नल नाही. सहाव्या गिअरमध्ये शंभरला इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आतच गुरगुरत असतं. थ्रॉटल स्थिर, वेग स्थिर. इथे नऊ-दहा मिळतात, आणि क्रूझ कंट्रोल लावून शंभरावर बसण्याचा संयम असेल तर त्याहून थोडे वर. एका बाजूच्या प्रवासाला मस्टँगला सुमारे दहा लिटर, व्हर्टसला साडेपाच. फरक चारशे-साडेचारशे रुपयांचा. अहमदाबादला जाऊन चौघं धड जेवलात तर बिल त्याहून मोठं येतं.

पण संयम हाच तर प्रश्न आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शंभरावरून एकशेवीसवर गेलात की तो ४४ टक्क्यांनी वाढतो. भरूचच्या दिशेनं दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवेचा जो टप्पा २०२४ मध्ये खुला झाला, तिथे एकशेवीसला परवानगी आहे. तिथे दोन्ही गाड्यांचं ॲव्हरेज खाली येतं. इथे मजा अशी की टर्बो गाडी प्रमाणात जास्त घसरते. छोट्या टर्बो इंजिनाची किफायत असते ती हलक्या पायात. सतत पाय दाबून, ओव्हरटेक करत पळवली की सतराची व्हर्टस बाराला येऊन बसते आणि मालक सर्व्हिस सेंटरला तक्रार घेऊन जातो. मस्टँगवाला तक्रार करत नाही, त्याची अपेक्षाच तेवढी असते.

एक्स्प्रेसवेवरच्या दोन सवयी सांगतो, बाकी सगळं त्यांत येतं. पहिली, स्पोर्ट मोडची. मस्टँगमध्ये तो लावला की गिअरबॉक्स वरचा गिअर टाकायला तयार होत नाही, इंजिन उगाच वर फिरत राहतं. आवाज छान येतो, त्यासाठीच लावतात. ऐकून झाल्यावर नॉर्मलला या. दुसरी, टायरमधली हवा. मागची चाकं २७५ मिलिमीटर रुंद, रस्त्याला चिकटून चालतात. त्यांत हवा कमी झाली की ॲव्हरेज तर जातंच, वर टायर कडेनं झिजतात. त्या मापाच्या टायरची किंमत विचारलीत की दर पंधरवड्याला हवा तपासायची आठवण आपोआप राहील.

अमेरिकेत हे भांडण जुनंच आहे. मस्टँग पहिल्यांदा एप्रिल १९६४ मध्ये लोकांसमोर आली तेव्हा तिकडे पेट्रोल स्वस्त होतं. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या, आणि त्याच सुमारास बाजारात आलेल्या १९७४ च्या मस्टँगमध्ये व्ही-८ नव्हतीच, फक्त चार आणि सहा सिलिंडर. त्याच वर्षी तिकडे देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर. गाडी बदलण्याआधी वेग बदलला तर तेल वाचतं, हे सरकारलाही तेव्हा कळलं होतं.

पेट्रोल कुठलं

कोयलीची रिफायनरी आपल्या शेजारी आहे, १९६५ पासून, पण त्यामुळे बडोद्यात पेट्रोल स्वस्त मिळत नाही. असो. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत टाकीत सहा-सात टक्के ऊर्जा कमी. नवी व्हर्टस या मिश्रणासाठी बनलेली आहे. २०१६ ते २०२० मधल्या मस्टँगचं इंजिन त्या हिशोबानं जुळवलेलं नाही. घेताना इंधनाच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट जाणत्या मेकॅनिककडून बघून घ्या. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकून ॲव्हरेज वाढतं हा समज मात्र सोडून द्या. इंजिन खटखटत नसेल तर त्या जादा पैशांचं ॲव्हरेजमध्ये काही दिसत नाही.

रुपयांत

वर्षाला सहा हजार किलोमीटर, निम्मे शहरात, निम्मे बाहेर असं धरू. मस्टँगला सुमारे ९८० लिटर, ९३ हजार रुपये. व्हर्टसला ४६० लिटर, ४४ हजार. फरक ४९ हजारांचा, म्हणजे महिन्याला चार हजार. दोन गाड्यांच्या खरेदी किमतीत समजा तीस लाखांचं अंतर असेल, तर पेट्रोलमधला फरक तेवढा व्हायला साठ वर्षं लागतील. त्यामुळे "पेट्रोल परवडणार नाही" म्हणून मस्टँग सोडणारा चुकीच्या खात्यात बघतोय. खरा खर्च विमा, टायर, बाहेरून मागवावे लागणारे सुटे भाग आणि त्यांची वाट बघत उभी असलेली गाडी, यांत आहे. एक पुढचा दिवा फुटला तर वर्षभराच्या पेट्रोलची बचत एका दुपारी जाऊ शकते.

आणि उलटही खरं. पेट्रोल परवडतंय एवढ्यावर मस्टँग घेऊ नका.

ऑक्टाव्हिया आरएसबद्दल थोडक्यात. २०२० मध्ये २४५ पीएसच्या दोनशेच गाड्या भारतात आल्या. दोन लिटर टर्बो, मोठी डिकी, चार माणसं खरोखर बसतात. ॲव्हरेज या दोघींच्या मधे. चांगली मिळाली तर मला स्वतःला तीच आवडेल. पण ज्याला व्ही-८ चा आवाज हवाय त्याला ती दाखवून उपयोग नाही, तो मान डोलावतो आणि पुन्हा मस्टँगचं बोलायला लागतो.

मग कुणी काय घ्यावं

घरात एकच गाडी असेल, ऑफिस मकरपुऱ्याला, मुलांना शाळेत सोडायचं, आणि पार्किंग जुन्या शहरात, तर व्हर्टस. यात चर्चेला जागा नाही. मस्टँगच्या मागच्या सीटवर मोठं माणूस बसवणं ही शिक्षा आहे, आणि सासूबाईंना ती शिक्षा देण्याआधी विचार करा. मॅन्युअल घ्यावी की डीएसजी, तर रोज गर्दीत जायचं असेल आणि डाव्या पायाला त्रास होत नसेल तर मी मॅन्युअल सुचवेन.

रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे, वासणा रोड किंवा गोत्रीच्या पुढे फाटकवालं घर आहे, आणि रविवारी पहाटे डुमाडकडे निघायचं एवढंच मस्टँगचं काम असेल, तर खुशाल घ्या. तिच्या किलोमीटरमधला मोठा वाटा एक्स्प्रेसवेचा असेल, म्हणजे ती तिच्या उत्तम ॲव्हरेजवरच चालेल. शहरातून बाहेर पडायला अटल ब्रिजचे साडेतीन किलोमीटर वापरले तर मधले चौक टळतात, तेवढेच थांबे कमी.

तिसरा प्रकार असतो, मस्टँग घेऊन रोज ऑफिसला नेणारा. त्याला मी घेऊ नकोस म्हणतो. महिन्याचा चार हजारांचा फरक त्याचा आठ-नऊ हजारांवर जाईल हा भाग गौण. ती गाडी रोज अर्धी थंड, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत राहील, आणि वर्षभरात त्याचं तिच्यावरचं मनच उडेल. अशा वैतागून विकलेल्या गाड्या बाजारात येतात, आणि पुढच्या माणसाला त्या कमी किलोमीटर चाललेल्या म्हणून खपवल्या जातात.

त्यावरून शेवटचं एक. बडोद्यातली वापरलेली गाडी बघताना, मग ती मस्टँग असो की जुनी व्हर्टस, आधी ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये कुठे उभी होती ते विचारा. विश्वामित्रीचं पाणी तेव्हा सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरलं होतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या मुळाशी गाळाची रेघ आहे का बघा, गालिचा उचलून खालचे बोल्ट गंजलेत का बघा, विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा. विक्रेता ॲव्हरेजबद्दल भरभरून बोलत असेल आणि हा विषय निघताच चहा मागवत असेल, तर चहा प्या आणि निघा.